नमुने भट्टीतच थंड केले

१३ जुलै १९९८

कामाची वही वेगळी आहे. तिच्यात वजनं, तापमानं, तारखा. मनातलं एक अक्षर तिच्यात येता कामा नये, अशी माझ्या मार्गदर्शकांची, आजरेकर सरांची ताकीद. म्हणून मनातलं इथे.

आज भट्टी आली. अर्ज करकरून बोटं झिजली, तेव्हा कुठे अनुदान मिळालं आणि ट्रकवाल्याने ती प्रयोगशाळेच्या दारात आणून आदळली. दिसायला अगदीच मामुली, जाड दाराची लोखंडी पेटी. पण आत हजार अंशांपर्यंत तापते. गंगाराम आणि त्याच्या हाताखालचा धोंडू, दोघांनी मिळून ती कोपऱ्यातल्या ओट्यावर चढवली. गंगाराम आमच्या प्रयोगशाळेचा शिपाई, कॉलेजात माझ्याही आधीपासूनचा. भट्टीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "मॅडम, ह्याच्यात भाकऱ्या भाजता येतील काय ओ?" मी म्हटलं, "पहिली तुमचीच भाजू."

सेहेचाळिसाव्या वर्षी पीएच.डी.ला नाव घातलंय. हरिहरच्या मते हे संधिवातासारखंच वयाचं लक्षण आहे. विद्यापीठाची मुदत २०००च्या डिसेंबरअखेरपर्यंत. ती संपली की नोंदणी रद्द, आणि पाठोपाठ सरही निवृत्त, म्हणजे दुसरी संधी नाही. इतकी वर्षं पोरांना दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवत आले. एकदा तरी काहीतरी माझं असावं. हाव म्हणायची तर म्हणा, पण मला ते हवंय.

१९ जुलै

जेवताना हरिहरने विचारलं, "त्या काळ्या पुडीत नक्की बघतेस तरी काय गो?"

आयतीच संधी. मी सांगत सुटले. तांबं, लोखंड आणि ऑक्सिजन यांचं ते ऑक्साइड. त्यातले अणू ठराविक नक्षीत बसतात. खूप तापवलं की ती नक्षी चारी अंगांनी सारखी होते, नीट ठोकळ्यासारखी. गरम असतानाच झटकन बाहेर काढून गार केलं तर ठोकळा तसाच्या तसा थिजतो. हे जुनंच ज्ञान आहे. पण दार बंद ठेवून भट्टीतच सावकाश गार होऊ दिलं, तर अणूंना हलायला सवड मिळते आणि ठोकळा एका अंगाने ताणला जाऊन उभट होतो. कोल्हापूरला सरांच्याकडे क्ष-किरणांचं यंत्र आहे. ठोकळा शाबूत असेल तर आलेखात एक शिखर येतं, ताणला असेल तर त्याच जागी दोन. माझा प्रश्न इतकाच आहे की चिमूटभर निकेल मिसळलं तर सावकाश गार होतानाही ठोकळा ठोकळाच राहील का.

"आणि राहिला तर?"

"तर ते आजवर कोणी पाहिलेलं नाही."

"कलमाला एक पाटी शेणखत जास्त घातलं तर निदान आंबा तरी धरतो," म्हणाला आणि ताकासाठी वाटी पुढे केली. पावसला आंब्याची बाग असलेल्या माणसाशी लग्न केलं की प्रत्येक गोष्ट शेवटी कलमापाशीच येते.

२७ जुलै

आज पहिला नमुना तापवला. पद्धत बसवून टाकली आहे. सकाळी भट्टी लावायची, दिवसभर तापू द्यायची, पाचला बटण बंद करून पावसची एस.टी. गाठायची. मूस, म्हणजे पूड ठेवलेली चिनी मातीची वाटी, आतच राहील आणि सकाळपर्यंत आपोआप गार होईल. सगळे गेल्यावर गंगाराम मेन स्विच पाडतो, खिडक्या लावतो, कुलूप घालतो. मागे एकदा भांडारात आग लागली होती. चूक त्याची नव्हती, तरी चौकशीत त्यालाच उभं केलं होतं म्हणे. तेव्हापासून तो याबाबतीत फार काटेकोर झाला आहे.

"मॅडम, तुमी बिनघोर जावा. भट्टीची काळजी माझ्याकडं."

आत काय चाललंय ते त्याला नीट सांगावं असं मनात आलं, पण गाडी चुकली असती. शिवाय त्याला काय करायचंय त्याच्याशी?

२२ ऑगस्ट

एक शिखर! एकच!

कोल्हापूरहून परतीच्या गाडीत आंबा घाटभर आलेखाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या बाईने विचारलं, पत्रिका आहे काय? मी म्हटलं, होय. सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा पाहिलं. म्हणाले, "पद्मजाबाई, सावकाशच गार केलंय ना?" मी म्हटलं, भट्टीतच, रात्रभर. म्हणाले, "मग हे काहीतरी आहे." सरांच्या तोंडून एवढं म्हणजे डोक्यावर अक्षता पडल्यासारखंच.

निकेल न घातलेला साधा नमुना तुलनेला लागेल. तो सरांच्या प्रयोगशाळेत तयार होताच, तोच वापरायचं ठरलं. उगाच कशाला पुन्हा करत बसा?

१९ डिसेंबर १९९८

एक बॅच बिघडली. बाकीच्या सगळ्यांत एक शिखर आणि हिच्यात दोन ढळढळीत. सहा डिसेंबरला गंगाराम दरवर्षीप्रमाणे बायकोला, कमलाबाईंना, घेऊन दादरला चैत्यभूमीवर गेला होता, तेव्हा सातला धोंडूच्या भरवशावर तापवलेला हा नमुना. धोंडूने सिंक तुंबवून ठेवलं होतं, टेबलावर चहाचे डाग. गंगाराम नसला की प्रयोगशाळेची रया जाते हे खरं. पण धोंडूने मेन स्विच पाडण्यापलीकडे भट्टीला हातही लावला नाही, तेव्हा दोष त्याचा नसावा. त्या दिवशी निकेलची नवी बाटली फोडली होती, तिच्यातच खोट असणार. दुकानदाराला खरमरीत पत्र लिहिलं.

सर म्हणाले, एखादा घाण होतोच, टाकून द्या. टाकला. कामाच्या वहीतही घेतला नाही.

११ फेब्रुवारी १९९९

मुशी टिकत नाहीत. चिनी मातीच्या चांगल्या मुशी, पण दोन-चार वेळा वापरल्या की तडे. सरांच्याकडे वर्षानुवर्षं चालतात. नाव मोठं लक्षण खोटं, अशी ती कंपनी. त्यांनाही एक पत्र.

गंगारामच्या मनगटाला फडकं बांधलेलं होतं. विचारलं तर म्हणाला, "काय नाय, पोळलाय जरा." या वयात स्वयंपाकघरात काय करतो कोण जाणे. मी मलम दिलं तर लाजून घेतलं. त्याची मुलगी रसिका या वर्षी आमच्याकडेच एफ.वाय.ला आहे. हुशार आहे, पण वर्गात तोंड उघडत नाही.

२ मे १९९९

बागेत पेट्या भरायच्या गडबडीत मी सरांनी तपासलेलं प्रकरण घेऊन बसले, त्यावरून हरिहरचं आणि माझं कडाक्याचं वाजलं. "वर्षात एकदा आंबा येतो, तुझे अणू काय पळून जातायत?" म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं की तुझा आंबा तुझ्या वडलांनी लावलेला आहे, माझं हे मी लावलंय. तो गवताची पेंढी उचलून खळ्यात गेला. लागेल असंच बोलले मी. लागलं. आता मलाच बरं वाटत नाहीये.

७ सप्टेंबर १९९९

सरांकडे गंधार नावाचा नवा विद्यार्थी आला आहे. त्याने माझ्याच कृतीने नमुना केला, आणि म्हणतो, दोन शिखरं आली! एकदा नाही, तीनदा केला म्हणे. फोनवर अगदी अदबीने विचारत होता, "मॅडम, तुम्ही आणखी काही करता का? लिहायचं राहून गेलेलं?" अदबीनेच मी त्याला सांगितलं, की बाळा, हात बसावा लागतो. नाचता येईना अंगण वाकडं.

सर माझ्या बाजूने आहेत. नियतकालिकाकडे पाठवलेल्या लेखावर त्यांचंही नाव आहे ना. गंधारला त्यांनी दुसरा विषय दिला.

फोन ठेवल्यावर मात्र चहा गोड लागेना. तीनदा?

१० जानेवारी २०००

लेख स्वीकारला. परदेशी नियतकालिक, आमच्या कॉलेजातून तिथे छापून येणारा पहिलाच. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. हरिहर कोणाला कळू न देता शहरात जाऊन पत्राची छायाप्रत काढून आला आणि बागेतल्या गड्यांना दाखवत होता. "काय आहे ते मला विचारू नका," असं वर त्यांना सांगत होता. मे महिन्याचं सगळं धुऊन निघालं.

खूश आहे मी. लिहूनच ठेवते, म्हणजे पुढे कधी शंका आली तर पुरावा असेल.

३१ जुलै २०००

आजच लिहायला हवं.

गंगारामचा निरोप समारंभ होता. आज तो निवृत्त झाला. प्रबंध टाइप होऊन आला आहे, बांधणी तेवढी बाकी, त्यामुळे मी मजेत होते. शाल-श्रीफळ मी द्यायचं ठरलं होतं. भाषणं झाली, सगळी त्याच त्या वळणाची. मग गंगारामला बोलायला सांगितलं. तो कधी बोलायचा नाही, आज उभा राहिला. पांढरा सदरा, खिशाला निळं पेन. सुरुवातीला बाबासाहेबांचं नाव घेतलं, मग प्राचार्यांचं, मग माझं.

म्हणाला, "मॅडमांची भट्टी मी दोन वरसं लेकरासारखी संभाळली. त्या पाचला जायच्या. त्यांना वाटायचा, बटन बंद झाला का भट्टी बंद झाली. पन आत लालबुंद इस्तव! आमची आय सांगायची, चुलीत इस्तव ठेवून घराला कडी लावायची नाय, घर गेला तर परत येत नाय. मंग मी काय करायचा? सगळी गेली का दार उघडायचा, ती लाल मूस सांडशीन धरायचा नि बाहेर वाळूच्या बादलीत ठेवायचा. गार झाली का बगायचा, मंगच कुलूप. सकाळी मॅडम यायच्या आदी परत आत. एकदा हात पन भाजला. पन मॅडमना कदी कळू दिला नाय. त्यांच्या डोक्याला कशाला ताप?"

टाळ्या. प्राचार्य म्हणाले, अशी माणसं आता होणे नाही.

मग माझं नाव पुकारलं. मी उठले, शाल त्याच्या खांद्यावर घातली, नारळ हातात दिला. वाकून नमस्कार करायला लागला, तो मी अडवला. फोटो काढला. फोटोत मी हसतेय की काय, देव जाणे.

खोलीभर माणसं होती, त्यातली निम्मी रसायनशास्त्राची. कोणाच्या काही लक्षात आलं नाही.

१ ऑगस्ट

कदाचित मोजक्याच वेळा काढली असेल. कदाचित मूस बाहेर ठेवेपर्यंत बरीच गार झालेली असेल. कदाचित निकेलचा गुण खराच असेल.

असल्या तीन कदाचितांवर दिवस काढला. तिसरा तर मी स्वतःच मनोमन उडवून लावला.

१२ ऑगस्ट

आठवडाभर भट्टीजवळ स्वतः राहिले. हरिहर रोज मोटारसायकलवर न्यायला यायचा, बाहेर कट्ट्यावर पेपर वाचत बसायचा, का म्हणून विचारायचा नाही. एक नमुना आतच ठेवून, दार न उघडता गार केला. दुसरा गरमागरम बाहेर काढला. तो काढताना मला कळलं, गंगाराम काय करायचा ते. दार उघडलं की तोंडावर झळ येते, पापण्या आखडतात. सांडशी हातभर लांब, तरी मूठ भाजते. हे तो रोज करत होता. कोणी सांगितलेलं नसताना.

तिसरा नमुना निकेल न घातलेला, साधा. तो मी माझ्या भट्टीत आजवर एकदाही केलेला नव्हता. तोही गरमच बाहेर काढला.

१९ ऑगस्ट

कोल्हापूरहून आलेख आले. सर पुण्याला गेले आहेत, यंत्र गंधारनेच चालवलं.

आत गार केलेला: दोन शिखरं. गरम काढलेला: एक. साधा, गरम काढलेला: एक.

म्हणजे निकेलचा काडीचाही संबंध नाही. जे पुस्तकात माझ्या लहानपणापासून छापलेलं आहे तेच मी दोन वर्षं पुन्हा पुन्हा सिद्ध केलं, आणि नवीन म्हणून जगाला सांगितलं. तडकलेल्या मुशी, डिसेंबरातली बॅच, गंधारचे तीन प्रयत्न. सगळी मला ओरडून सांगत होती. मी पत्रं लिहीत बसले.

गंधारने आलेखांबरोबर चिठ्ठी पाठवली आहे. "मॅडम, मी कोणाला बोललो नाही." त्याला मी अंगण वाकडं म्हटलं होतं.

२३ सप्टेंबर

सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "शिपायाने मूस काढली, हे कोणाला माहीत आहे?"

"मला."

"मग झालं तर. परीक्षक तुमची भट्टी बघायला रत्नागिरीला येणार आहेत का? आलेख खरे आहेत, आकडे खरे आहेत. सादर करा."

"पण सर, 'नमुने भट्टीतच सावकाश थंड केले' हे वाक्य खोटं आहे."

"तुम्ही लिहिलंत तेव्हा खोटं नव्हतं."

मी विचारलं, गार करण्याच्या वेगावरच प्रबंध नव्याने केला तर? सर हसले, चिडून नव्हे, दमून. म्हणाले, "त्यात नवं काय? आणि वेळ कुठे आहे? तुम्ही माझ्या शेवटच्या विद्यार्थिनी आहात, पद्मजाबाई. माझंही नाव आहे लेखावर. हे विसरू नका."

परतीच्या गाडीत मला वाटत होतं, सर म्हणतात तेच बरोबर. लपवत नाही. तसंच वाटत होतं मला.

१५ ऑक्टोबर

पाच प्रती बांधून आल्या. निळं कापड, सोनेरी अक्षरं, माझं नाव. कपाटात ठेवल्या आहेत. हरिहर येता-जाता कपाट उघडून बघतो. त्याला अजून काहीच सांगितलेलं नाही.

रोज ठरवते, सोमवारी नेऊन देईन.

२६ ऑक्टोबर

गंगारामचा राग येतो. खूप येतो. कोणी सांगितलं होतं त्याला? विचारायला तोंड नव्हतं का? दोन वर्षं रोज माझ्या आधी येऊन मूस जागेवर ठेवायची, वर "कळू दिला नाय" म्हणून टाळ्या घ्यायच्या! माझं उभं आयुष्य त्या वाळूच्या बादलीत गेलं, आणि त्याला शाल मिळाली.

लिहून झाल्यावर वाचलं. खोडणार नाही. असंच वाटतंय.

१८ नोव्हेंबर

प्रती द्यायला कोल्हापूरला निघाले होते. एस.टी.त बसले, पिशवी मांडीवर. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा चाळा म्हणून एक प्रत उघडली, तर नेमकं तेच प्रकरण. ते वाक्य. त्यावरून मी पुढे जाईचना. वाचलं की डोळ्यांपुढे गंगारामचा भाजलेला हात. खाली उतरले आणि समोरून येणाऱ्या गाडीने परत आले.

सत्यनिष्ठा वगैरे काही नाही. खोटं मला पचलं असतं, कोणाला पचत नाही? पण ते वाक्य बाईंडिंगमध्ये घालून विद्यापीठाच्या कपाटात कायमचं ठेवायचं, आणि माझ्या नावापुढे 'डॉ.' दिसलं की रोज तेच आठवायचं! तेवढं काळीज नाही माझ्याकडे.

संध्याकाळी हरिहरला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पिशवी उचलून माळ्यावर ठेवली. मग म्हणाला, "यंदा मोहोर बरा आहे." तो दुसरं काय म्हणणार?

५ डिसेंबर

नियतकालिकाला लेख मागे घेत असल्याचं कळवलं. सरांना आधी फोन केला. "पोरखेळ," एवढंच म्हणाले आणि ठेवला. नंतर केले ते फोन त्यांनी घेतले नाहीत.

स्टाफरूममध्ये मी गेले की विषय बदलतो. कोणीतरी म्हणालं म्हणे, या वयात झेपतं का.

३१ डिसेंबर २०००

मुदत संपली. काही झालं नाही. दिवसभर बागेत नळीने औषध मारत होते.

१८ फेब्रुवारी २००१

मालगुंडला गंगारामांच्या घरी जाऊन आले. ठरवून गेले होते.

गंगारामांना सांगायचंच, असं पक्कं केलं होतं. रागाने नाही, निदान मला तसं वाटत होतं. एका माणसाच्या हातून एवढी मोठी गोष्ट झाली आणि त्याला ती माहीतच नाही, हे बरं नव्हे, असं स्वतःला समजावून सांगितलं. खरं कारण एवढंच असेल की कोणीतरी माझ्याइतकंच हळहळावं.

रविवार होता. बौद्धवाडी रस्त्याच्या वरच्या अंगाला आहे. मला बघून कमलाबाई लगबगीने बाहेर आल्या, ओटीवर खुर्ची मांडली. रसिका घरी होती, आता शेवटच्या वर्षाला आहे. गंगाराम थकलेत. दम लागतो, पावसाळ्यापासून छातीचं काहीतरी झालंय. तरी उठून बसले.

मी दिलेली शाल भिंतीला खिळ्यावर टांगलेली होती, त्यावर प्लास्टिकचा कागद. मी ते पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

"मॅडम," ते म्हणाले, "झालात ना डाक्टर?"

इतक्या सरळ विचारलं, की माझी बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. त्यांच्या मागे दाराच्या चौकटीत रसिका उभी. तिला माहीत होतं, मी प्रबंध दिला नाही. अख्ख्या कॉलेजाला माहीत आहे.

मी म्हटलं, "हो. झाले."

रसिकाने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "होय बाबा, आमच्या नोटीस बोर्डावर पन लागलं होतं."

गंगारामांनी कमलाबाईंना हाक मारली. "ऐकलास? आपली भट्टी फळाला आली!" कमलाबाई साखर घेऊन आल्या. माझ्या तळहातावर ठेवली, गंगारामांच्या तोंडात घातली. शेजारच्या दारात कोणी उभं होतं, त्यांनाही सांगितलं, "कॉलेजातल्या डाक्टर मॅडम." मी साखर खाल्ली. अर्धा कप चहा प्यायले. निघताना ते पायरीपर्यंत आले. दम लागत होता तरी हात जोडून उभे होते.

रसिका मला थांब्यापर्यंत सोडायला आली. वाडी मागे पडेपर्यंत माझ्या पुढे पुढे चालत होती. मग म्हणाली, "मॅडम, बाबांना बरं वाटलं. पन तुम्ही ते का सोडलंत? कॉलेजात म्हनतात, मॅडमना जमलं नाही."

तिथे माझं चुकलं. मला ते लागलं. सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं, पण या मुलीला तसं वाटू नये असं झालं. शिवाय गाडी यायची होती, आणि दोन वर्षांत मला या विषयावर कोणी इतकं मनापासून विचारलंच नव्हतं.

मी म्हटलं, "जमलं नाही असं नव्हे गं. ऐक तरी." आणि सांगायला लागले. अणूंची नक्षी, ठोकळा, एक शिखर, दोन शिखरं. ती भराभर समजत होती. मध्येच विचारायची, "म्हनजे मॅडम, तांब्यामुळेच तानला जातो?" बरोबर जागी विचारायची. अशी विद्यार्थिनी वर्गात माझ्यासमोर अडीच वर्षं बसली होती! मला रंग चढला. काठी घेऊन रस्त्याकडेच्या तांबड्या मातीत आलेख काढून दाखवला. सावकाश गार केलं तर काय होतं ते सांगितलं. गरम असतानाच भट्टीतून बाहेर काढलं तर काय होतं ते सांगितलं.

"ते तर सगळ्यांना माहीतच होतं," मी म्हटलं, "माझा नमुना भट्टीतच गार झाला असता तरच..."

आणि मी थांबले.

रसिका मातीतल्या आलेखाकडे बघत होती. घरी बाबांनी मुशीची गोष्ट किती वेळा सांगितली असेल, किती अभिमानाने! मनगटाचं फडकं तिनेच बांधलं असेल. तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हनजे बाबांनीच..." ती म्हणाली.

"नाही गं. मी त्यांना सांगायला हवं होतं."

"का नाही सांगितलंत मॅडम?"

काय सांगणार होते, की गाडी चुकली असती?

ती म्हणाली, "ते घरी विचारायचे मला. मॅडम आत काय शिजवतात गो? मी म्हनायची, मला काय माहीत. तुमाला विचारायची भीती वाटायची."

गाडी आली. मी चढले. खिडकीतून बघितलं तर ती चपलेने मातीतला आलेख पुसत होती, नीट, एकही रेघ राहू नये असा. मग वर बघून म्हणाली, "मॅडम, पुन्हा नका येऊ हां घरी. बाबा विचारतील काहीतरी, आनि मला आता खोटं नीट बोलता येणार नाही."

मी हो म्हटलं. कंडक्टरने विचारलं, कुठे? साखरेचा हात अजून चिकट होता, त्यानेच सुटे पैसे पुढे केले.